सगळ्या गावाने एकच पुस्तक वाचायचं, त्यासाठीची ग्रँट: तुमचे प्रश्न

गणपती झाले की अमेरिकेतल्या मराठी मंडळांकडून दरवर्षी तेच प्रश्न यायला लागतात, 'बिग रीड'ची ग्रँट आम्हाला मिळेल का, कशी मिळेल, कोणी भरून देईल का. म्हणून सगळे एकत्रच घेते. नवीन लोकांसाठी थोडक्यात, नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स म्हणजे एनईए या सरकारी संस्थेने २००६ मध्ये १० ठिकाणी ही योजना करून पाहिली आणि पुढच्या वर्षी देशभर नेली, रोजचा कारभार आर्ट्स मिडवेस्ट ही ना-नफा संस्था बघते. गावाने एक पुस्तक निवडायचं, सगळ्यांनी ते वाचायचं आणि त्यावर काही आठवडे गावभर कार्यक्रम करायचे. २०२४, २०२५ च्या अर्जांसाठी रक्कम ५ ते २० हजार डॉलर होती. कल्पना मुळात लायब्ररीवाल्यांची, १९९८ मध्ये सिअ‍ॅटलच्या लायब्ररीने सुरू केली, २००१ मध्ये शिकागोने उचलली. लायब्ररी हा शब्द ध्यानात ठेवा, खाली परत येणार आहे.

आमचं मंडळ ५०१ सी ३, म्हणजे करमाफी असलेली ना-नफा संस्था आहे. अर्ज करता येतो का?

येतो, पण गावची लायब्ररी पार्टनर हवी.

आम्ही पाच-सहा कुटुंबं आहोत, रजिस्ट्रेशन नाही. दुसऱ्या संस्थेच्या नावावर अर्ज केला तर?

नको. एनईएच्या ग्रँट्समध्ये नुसतं नाव उसनं घेऊन अर्ज करणं बसत नाही. आणि फक्त या एका ग्रँटसाठी संस्था काढायच्या फंदातही पडू नका, दरवर्षीची कागदपत्रं मागे लागतात, त्याबद्दल आधी सीएशी बोला. लायब्ररीलाच अर्ज करू द्या आणि तुम्ही तिच्यासोबत काम करा.

मराठी पुस्तक निवडलं तर चालेल का?

नाही, पुस्तक त्यांच्या यादीतलंच लागतं.

ताई, आमच्याकडे पैसे नाहीत म्हणून तर ग्रँट हवी आहे, मग मॅच कुठून आणायची?

मॅच म्हणजे, जितकी ग्रँट मागाल तितकीच किंमत तुमच्या बाजूने दाखवावी लागते, पण ती सगळी रोख लागत नाही. फुकट मिळालेला हॉल, व्हॉलंटियर लोकांचे तास, कोणी फुकटात करून दिलेली छपाई, हे सगळं योग्य बाजारभावाने धरता येतं. मात्र लेखी नोंद हवी, कोणी किती तास काय काम केलं ते त्याच आठवड्यात लिहून सही घ्यायची, वर्ष संपल्यावर बसून अंदाजाने तास भरायचे नाहीत. दुसरी गोष्ट, सरकारी म्हणजे फेडरल पैशाला फेडरल पैशाची मॅच चालत नाही. स्टेट ह्युमॅनिटीज कौन्सिल, म्हणजे राज्यातल्या वाचन-इतिहासाच्या कार्यक्रमांना पैसे देणारी संस्था, तिच्याकडून पाचशे-हजार डॉलर मिळाले तर लोक खुशाल मॅचमध्ये लिहितात, पण त्या पैशाचा उगम बऱ्याचदा फेडरलच असतो, त्यामुळे कौन्सिलला विचारा, उत्तर ईमेलवर घ्या आणि मगच आकडा टाका.

अर्ज जवळजवळ तयार आहे. लायब्ररीचं पत्र शेवटच्या आठवड्यात घेऊ, तिथली एक लायब्रेरियन ओळखीची आहे. आमचे तीनशे मेंबर आहेत आणि चर्चा संक्रांतीच्या कार्यक्रमातच ठेवणार आहोत. बरोबर ना?

नाही, आणि याच एका गोष्टीसाठी मला दरवर्षी घसा कोरडा करावा लागतो.

एक तर तारखांचाच घोळ आहे. हे कार्यक्रम सप्टेंबर ते जून या काळात करायचे असतात आणि २०२४, २०२५ दोन्ही वर्षी अर्जाची मुदत जानेवारीत होती, म्हणजे जानेवारीत अर्ज आणि कार्यक्रम त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून पुढे. या संक्रांतीचा कार्यक्रम त्यात धरताच येत नाही, ग्रँटचा काळ सुरू व्हायच्या आधी केलेला खर्चही धरत नाहीत.

आता लायब्ररी. इथली पब्लिक लायब्ररी गावाच्या नाहीतर काउंटीच्या पैशावर चालते, बहुतेक ठिकाणी तिचं स्वतःचं बोर्ड असतं आणि ते महिन्यातून एकदा भेटतं. तुमच्या ओळखीच्या बाईंना सही करायचा अधिकार बहुधा नाहीच, तो डायरेक्टरला, आणि पैशाचा किंवा जागेचा शब्द द्यायचा तर कधी कधी बोर्डासमोर विषय ठेवावा लागतो. कार्यक्रमांचं कॅलेंडर कित्येक महिने आधी भरलेलं असतं. अशात तुम्ही शेवटच्या आठवड्यात गेलात तर भल्या मनाने एक कागद देतील, 'आम्ही या उपक्रमाला पाठिंबा देतो', आणि असली गुळगुळीत पत्रं अर्ज तपासणाऱ्यांना लांबूनच ओळखू येतात कारण त्यात लायब्ररी नक्की काय करणार हेच नसतं.

शिवाय तीनशे मेंबर म्हणजे गाव नाही हो! हा पैसा गावाने एकत्र वाचावं म्हणून आहे. तुमच्या शेजारी राहणारी एकटी म्हातारी, इंग्रजी शिकायला रात्रीच्या वर्गाला येणारे लोक, हायस्कूलची मुलं, डोळे अधू झालेले आणि मोठ्या अक्षरातलं पुस्तक किंवा ऑडिओ लागणारे वाचक, या सगळ्यांपर्यंत कोण पोचतं? लायब्ररी पोचते, तुमचं मंडळ नाही पोचत. मंडळ काय देऊ शकतं तेही खूप आहे, लोक आहेत, उत्साह आहे, मोठा कार्यक्रम पेलायची सवय आहे, पुस्तकात स्थलांतराचा धागा असेल तर सांगायला स्वतःच्या घरातल्या गोष्टी आहेत. म्हणून सप्टेंबरातच, फॉर्म न घेता डायरेक्टरची वेळ मागा आणि आधी विचारा की तुमच्या पुस्तक-चर्चेला कोण येतं आणि कोण येत नाही. जे येत नाहीत त्यांच्यासाठी आपण मिळून काय करू, तिथून अर्ज सुरू होतो. यंदा ते जमलं नसेल तर यंदा अर्ज करू नका, पुढच्या वर्षी करा. मला हे मनापासून वाटतं, कारण घाईघाईत मिळालेल्या ग्रँटचं मी बघितलंय, पुस्तकांचे खोके हॉलच्या कपाटात पडून राहतात आणि गावात कोणाला पत्ता नसतो.

एक कन्सल्टंट म्हणतात, आत्ता काही देऊ नका, ग्रँट मिळाली की १० टक्के द्या. ठीक आहे ना?

अजिबात नाही. ग्रँट लिहिणाऱ्यांच्या इथल्या व्यावसायिक संघटनेच्या आचारसंहितेतच टक्केवारीला मनाई आहे. अर्ज लिहायची फी मंजूर ग्रँटमधून देताही येत नाही, मग ते १० टक्के कुठून येणार? 'आमची आत ओळख आहे' असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. फॉर्म समजत नसेल तर आर्ट्स मिडवेस्टच्या लोकांना विचारा, ते फुकट उत्तरं देतात.

यूईआय नंबरसाठी अमुक डॉलर भरा, नाहीतर अर्ज बाद होईल असा ईमेल आलाय.

भरू नका. यूईआय म्हणजे फेडरल ग्रँटसाठी लागणारा संस्थेचा ओळख क्रमांक, तो सॅम डॉट गव्ह या सरकारी साइटवर फुकट मिळतो. पण आजच काढा, संस्थेच्या नावात-पत्त्यात फरक निघाला तर वेळ जातो.

चहा, वडापाव ग्रँटमधून?

नाही. वर्गणी काढा.

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलंय की ट्रम्पनी हे सगळं बंद केलं, आता अर्ज करून उपयोग नाही.

ग्रुपवरच्या बातमीवर वर्षाचा निर्णय घेऊ नका आणि माझ्या लेखावरही घेऊ नका, आर्ट्स मिडवेस्टच्या साइटवर या सीझनची गाइडलाइन आहे का ते स्वतः उघडून बघा, मागच्या वर्षीची पीडीएफ कोणी फॉरवर्ड केली तर ती नको. काळजी खरी आहे मात्र. एप्रिल २०२५ मध्ये स्टेट ह्युमॅनिटीज कौन्सिलांची फेडरल ग्रँट रद्द झाली आणि मे महिन्यात एनईएने मंजूर केलेल्या बऱ्याच ग्रँट्स ईमेल पाठवून मागे घेतल्या. त्यामुळे करारावर सही व्हायच्या आधी पुस्तकांची ऑर्डर देऊ नका, लेखकाला मानधनाचा शब्द देऊ नका, आणि करारातलं ग्रँट थांबवण्याचं कलम वकिलाला दाखवा. लायब्ररीसाठी पैसे जमवणाऱ्या 'फ्रेंड्स' मंडळाशी आणि स्थानिक देणग्यांतून मदत करणाऱ्या गावच्या कम्युनिटी फाउंडेशनशीही बोलून ठेवा, दोन-तीन हजारांत एक पुस्तक आणि चार चर्चा नीट होतात.

यातले थोडे पैसे सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाला पाठवता येतील?

नाही, ही ग्रँट इथल्या गावासाठी आहे. तुमच्या वाचनालयाला मान्यता असेल तर त्यांना जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे पाठवा आणि कोलकात्याच्या राजा राममोहन राय लायब्ररी फाउंडेशनच्या योजनांबद्दल तिथेच विचारायला सांगा. त्याच जिल्ह्यात भिलार आहे, २०१७ पासून पुस्तकांचं गाव, घराघरांत पुस्तकं ठेवलीत, तुमच्या वाचनालयाच्या लोकांनी एकदा जाऊन ते कसं चालवतात ते बघावं. तुम्हाला स्वतःला पैसे पाठवायचे असतील तर मंडळाच्या खात्यातून पाठवू नका, संस्थेला परदेशातून पैसे घ्यायचे तर एफसीआरए हा परदेशी देणग्यांवरचा भारतातला कायदा आडवा येतो, ते तिथल्या सीएला विचारल्याशिवाय एक डॉलरही हलवू नका.