वाचकांचे प्रश्न : आधी दार आतून उघडून बघा

प्रश्न : मी एका विद्यापीठात उपकुलसचिव आहे. आवारात लहानमोठ्या बावीस इमारती आणि चार वसतिगृहं. किल्ल्यांचे जुडगे बंद करून दारांना इलेक्ट्रॉनिक व्यवस्था बसवायचं ठरलंय. तीन पुरवठादार सादरीकरण करून गेले. एक कार्ड म्हणतो, दुसरा बोटाचा ठसा, तिसरा चेहरा. निविदेत नेमकं काय लिहावं?

उत्तर : साहेब, तिघांनीही दार बाहेरून कसं उघडतं ते झोकात दाखवलं असेल. आतून कसं उघडतं, ते कुणी दाखवलं का?

दारांना कुलपं लावण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यातली एक रात्र अजून डोक्यातून जात नाही. मुलींचं वसतिगृह, पावसाळ्याची सुरुवात. मुख्य दाराला ईएम लॉक, म्हणजे चौकटीला चुंबक आणि दाराला लोखंडी पट्टी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी 600 पौंडांचं असतं. सुमारे 270 किलोचा जोर लावल्याशिवाय ते सुटत नाही, चार जणांनी हिसके दिले तरी ढिम्म. ‘वीज गेली की आपोआप सुटतं’ असं प्रत्येक विक्रेता सांगतो, आणि ते खरंही आहे. पण वीज सारखी जाते म्हणून आपणच त्याला बॅटरी जोडतो ना! त्या रात्री वीज गेली, बॅटरीने इमानेइतबारे काम केलं, चुंबक धरूनच राहिलं. हँग झाला तो कंट्रोलर, म्हणजे दार कुणाला उघडायचं ते ठरवणारं यंत्र. आतलं एक्झिट बटण कंट्रोलरमार्फतच चालायचं, त्यामुळे तेही मेलं. एका मुलीने शेजारच्या हिरव्या डबीची काच फोडली, आणीबाणीत दार सोडवायला असते ती. काहीच झालं नाही. शेवटी रेक्टरबाई स्टुलावर चढल्या आणि दारावरच्या पेटीतल्या वायरी त्यांनी हाताने उपटल्या. तोवर वीसेक मिनिटं गेली होती. आग नव्हती, नुसता अंधार होता, एवढंच नशीब.

सकाळी मी ती हिरवी डबी खोलली. मागे दोन वायरींची टोकं काळ्या टेपमध्ये नीट गुंडाळून ठेवलेली. जोडलेलीच नव्हती. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही माझी होती.

म्हणून निविदेत पहिलं हे लिहा : हिरव्या डबीने लॉकची वीज थेट तोडली पाहिजे, मध्ये कंट्रोलर नको. फायर अलार्म वाजला की बाहेर पडण्याच्या वाटेवरची सगळी दारं सुटली पाहिजेत. बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडायला हवं, हे 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेतच आहे. आणि शेवटचं बिल देण्याआधी एका रविवारी मेन स्विच पाडा, कंट्रोलर बंद करा आणि एकेक दार स्वतः आतून उघडून बघा. कंत्राटदाराच्या माणसाला नाही, तुमच्या शिपायाला उघडू द्या. प्रश्नपत्रिकांच्या खोलीला चुंबक लावूच नका. तिथे वीज गेली तरी बाहेरून बंद राहणारं आणि आतून साध्या मुठीने उघडणारं कुलूप हवं.

आता कार्डाकडे येऊ. 125 किलोहर्ट्झवर चालणारं जाडसर पांढरं कार्ड सर्वांत स्वस्त, म्हणून निविदेत तेच एल-वन, म्हणजे सर्वांत कमी बोलीचं, ठरतं. ते रीडरजवळ, म्हणजे दारावरच्या कार्ड वाचणाऱ्या यंत्राजवळ, नेलं की आपला नंबर मोठ्याने ओरडून सांगतं, दुसरं काही करत नाही. त्याची नक्कल काढायचं यंत्र तळहाताएवढं असतं आणि ऑनलाइन सहज मिळतं. तुमच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातल्या पोरांना तर यंत्रही नको, ती स्वतःच बनवतील. त्यावरची पायरी मायफेअर क्लासिक नावाचं कार्ड. त्याचं गुपित 2008 मध्ये नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी फोडलं. त्यांचा निबंध छापला जाऊ नये म्हणून चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी न्यायालयात गेली होती, तिथे ती हरली. इतकी वर्षं झाली तरी ते कार्ड आपल्याकडे ‘स्मार्ट कार्ड’ म्हणून दिमाखात विकलं जातं. तुम्ही डेसफायर नावाचं कार्ड मागा, त्याची ईव्ही2 किंवा ईव्ही3 आवृत्ती. त्यात एईएस कूटलेखन आहे, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात जाते.

पण नुसतं नाव लिहून भागत नाही. डेसफायर कार्ड पुरवायचं आणि रीडरने त्यावरचा नुसता नंबर वाचायचा, हा धंदा सर्रास चालतो. म्हणजे दाराला लाखाची तिजोरी आणि तिला सुतळीची गाठ. ओळखायचं कसं? प्रात्यक्षिकाच्या वेळी खिशातलं मेट्रोचं किंवा बँकेचं टॅपचं कार्ड काढा आणि ‘हे नोंदवून दाखवा’ म्हणा. नोंदलं गेलं आणि दार उघडलं, तर त्या माणसाला चहा पाजून परत पाठवा.

आणि कार्डांच्या आतली कूटकिल्ली, म्हणजे ते कूटलेखन उलगडणारा गुप्त आकडा, विद्यापीठाच्या ताब्यात हवी. एका संस्थेत ती पुरवठादाराकडेच होती. पाच वर्षांनी एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभालीचा, दर दुपटीवर गेला आणि दुसऱ्या कुणाकडून कार्ड घ्यायची सोय नव्हती. किल्ली तयार करताना तुमची दोन माणसं हजर ठेवा, दोघांकडे अर्धी-अर्धी असू द्या, पाकिटं सील करून वित्त विभागाच्या तिजोरीत टाका.

वायरिंगबद्दल एवढंच : रीडर ते कंट्रोलर ‘ओएसडीपी’ ही संदेश पाठवायची पद्धत मागा आणि त्यातलं कूटलेखन चालू करून घ्या. जुन्या विगंड पद्धतीत नंबर वायरीतून उघडाच जातो. त्यातल्या नेहमीच्या 26 बिटांच्या मांडणीत कार्डाला 65,536 च नंबर असतात, त्यामुळे दुसऱ्या कुणाचं तरी कार्ड तुमच्या दाराला चालण्याची गंमतही घडू शकते.

शिवाय बावीसच्या बावीस इमारतींना रीडर नकोत. वर्गखोल्यांना कडी पुरते. वसतिगृहं, प्रयोगशाळा, सर्व्हर रूम आणि परीक्षा विभाग इथे आधी लावा, वर्षभर वापरा, मग पुढचं बघू.

प्रश्न : मी वसतिगृह अधीक्षिका आहे. व्यवस्थापनाला दारावर चेहरा ओळखणारं यंत्र हवंय. मुलींची कुरकुर आहे. मी काय सांगू?

उत्तर : ताई, मुलींची कुरकुर रास्त आहे. कार्ड हरवलं तर दुसरं देता येतं, चेहऱ्याचा साठा फुटला तर दुसरा चेहरा कुठून आणणार? 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा अठरा वर्षांखालच्यांना मूल मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती मागतो. पहिल्या वर्षाला येणाऱ्या किती मुली सतराच्या असतात, तुम्हीच मोजा. व्यवस्थापनाला तीन गोष्टी लेखी विचारा : चेहरे कुठल्या सर्व्हरवर राहणार, मुलगी शिकून गेल्यावर ते कोण पुसणार, आणि नको म्हणणारीला कार्ड मिळणार का. माझ्या अनुभवात तिसऱ्या प्रश्नाला उत्तर येत नाही, आणि प्रकरण तिथेच थंडावतं.

एकीने दार उघडायचं आणि मागून चौघींनी शिरायचं, याला चेहऱ्याचं यंत्रही औषध नाही. तिथे तुमच्या गेटवरच्या मावशीच लागतात.

प्रश्न : रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या दाराला बोटाचं यंत्र आहे. माझं बोट दहातून सहा वेळा घेतच नाही. यंत्र बदलावं का?

उत्तर : सर, यंत्र ठीक असावं, बोटं झिजलीत. आम्ल, सॉल्व्हंट आणि दिवसातून वीसदा साबण. कामगार, शेतकरी आणि तुम्ही रसायनवाले या यंत्राचे कायमचे नावडते. सध्या डाव्या हाताची अनामिका नोंदवून बघा, ती कमी राबते. आणि नोंदवताना हात सकाळी आल्या आल्या, प्रयोगाला लागण्याआधी ठेवा.