फ्रंट डेस्कचा स्कर्ट, स्टॉकिंग्ज आणि तो चावणारा बूट

अंबरनाथच्या ताईंचा प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर पहिलीच नोकरी, गुडघ्यापर्यंत काळा स्कर्ट, स्किन स्टॉकिंग्ज, काळे बंद बूट. उंची पाच फूट, पोटऱ्या भरलेल्या, उंच दिसायचंय. आणि दुकानातच बूट टाचेला लागतोय, पण दुकानदार म्हणतो 'वापरून सैल होईल', तर घेऊ का? ताई, नका घेऊ. मी दक्षिण मुंबईत बारा वर्षं अशाच डेस्कमागे उभी राहिले आणि पहिला बूट याच वाक्यावर विश्वास ठेवून घेतला होता.

रविवारी सकाळी खरेदीला गेले, पाय ताजे होते. ३८ नंबर टाचेतून निसटत होता म्हणून दुकानदाराने ३७ चढवला. "मॅडम, चामडं आहे, आठ दिवसांत पायाला बसेल." ते चामडं नव्हतंच, रेक्झिन होतं. खरं चामडंसुद्धा रुंदीला थोडं सैल होतं, लांबीला होत नाही. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळपर्यंत पाय सुजतो, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री घरी येऊन स्टॉकिंग काढायला गेले, तर ती टाचेच्या फुटलेल्या फोडाला चिकटून बसलेली. आईने कोमट पाण्याच्या टबात माझा पाय धरून ती बोटभर बोटभर सोडवली. पुढे अंगठ्याचं नख काळं पडून गळालं आणि करंगळीवर कुरूप झालं, ते आजही आहे.

पण मला जास्त महाग पडलं ते ऑफिस. युनिफॉर्म बघणाऱ्या विभागात सपाट बूट घालू द्या म्हणून सांगायला गेले. उत्तर आलं, दोन इंच टाच नियमात आहे. महापालिकेच्या रुग्णालयाचा कागद नेला, तर आमच्या पॅनेलवरच्या डॉक्टरचा आणा. रजा टाकून तोही आणला, तर सही करणारे साहेब नाहीत, सोमवारी या. असे चार महिने गेले आणि मी त्याच बुटात दादरचा पूल चढत-उतरत राहिले. शेवटी हाउसकीपिंगमधल्या एका मैत्रिणीने नियमावलीची प्रत दाखवली. त्यात लिहिलं होतं, 'टाच जास्तीत जास्त दोन इंच'. जास्तीत जास्त! सपाट बुटाला कधी बंदी नव्हतीच. विभागातल्या कोणी ते पान वाचलं नव्हतं आणि मीही मागून घेतलं नव्हतं. इतकी वर्षं झाली, तरी त्या चार महिन्यांचा मला मनापासून राग येतो.

म्हणून खरेदीच्या आधी नियमाचा कागद मागा. 'सगळ्या हेच घालतात' हा नियम नव्हे. टाचेची उंची, स्टॉकिंगचा रंग, स्कर्टऐवजी पँट चालते का, हे तुमच्या डोळ्यांनी वाचा.

बूट संध्याकाळी घ्या. घरी कागदावर उभ्या राहून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवा आणि ते कागद दुकानात न्या. बूट त्या आकृतीवर ठेवला आणि रेघ बाहेर दिसली, तर तो बूट तुमचा नाही, कितीही देखणा असो. मोठ्या पावलाच्या मापाने घ्यायचा, सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टाच निसटत असेल तर नंबर कमी करू नका, आत टाचेची पट्टी लावून घ्या. बिल मात्र सोडू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष वस्तू बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आपणच चुकीचा नंबर निवडला तर तो दोष धरत नाहीत. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आता उंच दिसण्याबद्दल. हे माझं मत आहे, पटलं तर घ्या. टाचेपेक्षा स्कर्टची कड जास्त काम करते. पोटरीच्या सर्वांत जाड भागावर कड आली की पाय आखूड आणि जड दिसतो. गुडघ्याच्या जरा खाली, पाय बारीक होतो तिथे थांबवा. बूट पायात घालूनच शिंप्याकडे उभ्या राहा आणि माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, दीड इंच ठेवायला सांगा, पुढे लागते. घोट्याला पट्टा असलेला बूट तुम्ही टाळाच, तो पाय मध्येच तोडतो. पुढून खोल कापलेला, पाऊल जास्त दिसेल असा घ्या. टोकदार नको, बदामाच्या आकाराचं टोक पुरे. टाच हवीच असेल तर दीड इंचाची जाड टाच घ्या.

स्टॉकिंगचा 'स्किन' रंग पाकिटावरून ठरवू नका. सावळ्या पायावर तो राखाडी दिसतो, माझा तसाच दिसायचा. दुकानाच्या दारात उजेडात हातावर चढवून बघा, एक छटा गडद चालेल. डेनिअर हे धाग्याच्या जाडीचं माप, म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. १५-२० डेनिअर पातळ असतं, मुंबईच्या उकाड्यात तेच सोसतं. ४० दिसायला सुबक, पण मे महिन्यात नको. दोन मापांच्या मध्ये असाल तर मोठं घ्या. पोटऱ्या भरलेल्या असतील तर गुडघ्यापर्यंतच्या स्टॉकिंगचं इलॅस्टिक रुततं, कमरेपर्यंतची बरी. धागा सुटला तर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब लावा, रेघ पुढे जात नाही.

पायाच्या शिरा फुगत असतील तर दाबाच्या स्टॉकिंग्ज वेगळ्या असतात, त्यांचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. डेनिअरशी त्यांचा संबंध नाही. त्या डॉक्टरला विचारूनच घ्या, मधुमेह असेल तर तर नक्कीच. मी डॉक्टर नाही.

जून ते सप्टेंबर लोकलला रबरी सँडल घालून जा आणि बूट लॉकरमध्ये ठेवा, आत वर्तमानपत्र कोंबून, नाहीतर बुरशी धरते. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या झाल्याशिवाय स्टॉकिंग चढवायची नाही.

नियमावलीची प्रत मिळाली की बुटाबद्दल नेमके काय शब्द आहेत ते इथे टाका. कोणाकडे अर्ज करायचा आणि कसा लिहायचा, ते मी सांगते.