मल्टिप्लेक्सिंग: बहुगुणन की बहुपदरी?

प्रश्न असा आला आहे: ऑप्टिकल फायबरवरच्या (प्रकाशातून संदेश नेणाऱ्या काचेच्या तंतूवरच्या) लेखात मल्टिप्लेक्सिंगसाठी, म्हणजे एकाच तंतूतून अनेक संदेश पाठवण्यासाठी, 'बहुगुणन' वापरलं तर चालेल का?

व्युत्पत्ती बघितली तर हा शब्द वाटतो त्याहून बरा आहे. मल्टिप्लेक्समधला 'प्लेक्स' घडी घालणे या अर्थाच्या लॅटिन धातूच्या घराण्यातला, आणि संस्कृतात 'गुण' म्हणजे दोरा, दोरीचा पेड. पण आज हे ऐकू कोणाला येतं? बहुगुणन म्हटलं की पाढे आठवतात. वाचक धरून चालतो की एका संदेशाच्या अनेक प्रती निघत आहेत. प्रत्यक्षात प्रत एकाचीही निघत नाही. वेगवेगळे संदेश एकाच तंतूतून एकमेकांत न मिसळता जातात, एवढंच.

मला 'बहुपदरी' जवळचा वाटतो. चौपदरी रस्ता सगळ्यांनाच कळतो. फायबरमध्ये पदर म्हणजे तरंगलांबी (कृपया 'तरंगदैर्घ्य' नको, तो हिंदीचा शब्द). एका लेझरचा प्रकाश १५५०.१२ नॅनोमीटरचा, शेजारच्याचा १५५०.९२ चा. अंतर जेमतेम ०.८ नॅनोमीटर, तरी पलीकडच्या टोकाच्या गाळण्या दोघांना नेमकं वेगळं काढतात. उपमा एका जागी लंगडते: रस्ता चौपदरी करायला जमीन जास्त लागते, इथे काच तेवढीच राहते.

टाइम डिव्हिजनला, म्हणजे वेळ वाटून घेणाऱ्या मल्टिप्लेक्सिंगला, मात्र 'बहुपदरी' लावू नका. तिथे पदर नसतात, पाळ्या असतात. घरापर्यंत इंटरनेट आणणाऱ्या जीपॉन पद्धतीच्या फायबरमध्ये दोन्ही प्रकार एकत्र सापडतात. घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, घराकडून जाणारा १३१० चा. हे झाले दोन पदर. पण जाणाऱ्या पदरावर बरीच घरं असतात आणि सगळी एकदम बोलली तर कोणाचंच कळणार नाही. म्हणून प्रत्येक घराला आपापला क्षण नेमून दिलेला असतो. याला मी सरळ 'पाळीवाटप' म्हणेन.

तेव्हा दोन्हींना मिळून एकच शब्द हवा असेल, तर मल्टिप्लेक्सिंगच ठेवा. पोटात तरंगलांबीचे पदर आणि वेळेच्या पाळ्या येऊ द्या. डीमल्टिप्लेक्सिंगला (एकत्र आलेले संदेश पुन्हा वेगळे करण्याला) पहिल्या प्रकारात 'पदर सोडवणं' छान बसतं. 'पदर सुटणं' लिहू नका, वाचक भलतीकडेच जाईल.