रेशमी साडी: कोणत्या किड्याचा धागा, कशी निगा?

दुकानदार ‘प्युअर सिल्क’ म्हणतो. घरी खात्री कशी करावी?

पदराच्या गोंड्यातून उभा धागा घ्या, आतल्या टोकाच्या कडेतून आडवा. दोन्ही वेगवेगळे जाळा, कारण भेसळ बहुधा एकाच दिशेच्या धाग्यात असते. अस्सल रेशीम हळू जळतं, केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर नेली की विझतं आणि राख बोटांत चुरडते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. कागदासारखं भसकन जळलं तर ‘आर्ट सिल्क’ (कृत्रिम रेशीम), म्हणजे बहुधा लाकडाच्या लगद्यापासून केलेला व्हिस्कोस. साडी अंगठीतून ओढून पाहण्यात अर्थ नाही. पातळ पॉलिएस्टरही सहज जातं.

भंडाऱ्याहून करवतकाठी (काठावर करवतीसारखे दाते असलेली) टसर रेशमाची साडी घेतली. पोत खडबडीत, रंगही एकसारखा नाही. फसले का?

नाही. टसरचा किडा ऐन-अर्जुनाच्या पानांवर उघड्यावर वाढतो, त्यामुळे कोशाचा रंग आणि धाग्याची जाडी बदलत राहते. तुतीच्या, म्हणजे नेहमीच्या रेशमाचा धागा साधारण त्रिकोणी, म्हणून त्याला लखलख. टसरचा चपटा, म्हणून मंद झळाळी. मला तरी हा मधाळ रंग न रंगवलेलाच आवडतो. उलट अगदी गुळगुळीत, एकसारखी ‘टसर’ दिसली तर ती जाळून तपासा. जपायचं ते काठाला: अंग टसरचं, काठ सुती. गरम पाण्यात दोन्ही सारखे आटत नाहीत आणि काठ चुण्या धरतो. म्हणून ड्रायक्लीनच करा.

मुगा आणि एरी यांत फरक काय?

दोन्ही आसामच्या रेशमाचे प्रकार. मुगा मुळातच सोनेरी, त्यावर रंग चढवण्याची गरजच नाही. एरीचा कोश एका टोकाला उघडा असतो, सलग धागा निघत नाही. तो कापसासारखा कातावा लागतो. म्हणून एरी निस्तेज पण उबदार, शालीला उत्तम.

आजीची पैठणी घडीवरच चिरली. का?

वर्षानुवर्षं एकाच जागी मोड पडला की रेशीम तुटतं. जरीच्या ताठ तारा ते आणखी कापतात. दर तीन महिन्यांनी घडी बदला, जरीचा पदर आत ठेवून धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळा. हँगरवर जड पदराचा सगळा ताण एका रेषेवर येतो, तेव्हा तो नकोच. अत्तर जरीवर मारू नका, काळी पडते. डांबरगोळ्या पुरचुंडीत, साडीला न टेकता. इस्त्री उलट्या बाजूने, मध्ये सुती कापड घालून. पाणी शिंपडलंत तर डाग राहतात.