स्कार्फ काढल्यावर चेहऱ्यावर जे उरतं, तेवढंच माझं रोजचं किट

अगं तू दोन गोष्टी विचारल्यायस, एक म्हणजे कोथरूडहून हिंजवडीपर्यंत रोज टू-व्हीलरवर जाऊन टिकेल असं काय लावू, आणि दुसरं म्हणजे कॉलेजमध्ये असताना फुल मेकअपशिवाय खाली वाण्याकडेही जायचे नाही आणि आता नोकरी लागल्यावर साधं काजळसुद्धा नकोसं वाटतं, हे नॉर्मल आहे का. दुसऱ्याचं आधी सांगते. नॉर्मल आहे, आणि सहा महिन्यांनी परत आवडायला लागलं तर तेही नॉर्मल. मी विशीत भरपूर लावायचे, मुलगी झाल्यावर बरीच वर्षं काहीच नाही, आता पंचेचाळिशीच्या आसपास परत लावते आणि मजेत लावते. किती लावतेस यावरून काही कळत नाही. कुरिअरवाला आला आणि तोंडाला काही लावलेलं नाही, तर दार बिनधास्त उघडतेस का ओढणी शोधतेस, ते बघ. उघडत असशील तर मग लाव नाहीतर नको लावू, कोणाला काय करायचंय.

माझं विशीतलं सगळं प्रकरण रंगावरून होतं, मेकअपवरून नाही. आमच्याकडे 'सावळी आहे पण नाकीडोळी नीटस' हे वाक्य माझ्यासमोरच म्हटलं जायचं, त्यातल्या 'पण'सकट. फेअर अँड लव्हली 1975 पासून आहे, म्हणजे माझ्या आईच्या पिढीपासून ती ट्यूब घराघरात, नाव बदलून ग्लो अँड लव्हली झालं ते 2020 मध्ये. दुकानातही तेच. लक्ष्मी रोडच्या एका दुकानात काउंटरवरच्या ताईंनी मला न विचारता माझ्या रंगापेक्षा दोन शेड उजळ फाउंडेशन काढून दिलं होतं, 'लग्नासाठी ना, मग हेच घ्या'. लग्नाच्या फोटोत तोंड पांढरं आणि गळा माझा. तेव्हा सगळ्याच नवऱ्या अशा दिसायच्या त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही म्हणा.

आता चांगलं काय झालंय तर शेड मिळतात. मेबेलिनच्या फिट मी फाउंडेशनमध्ये आपल्याकडच्या बऱ्याच जणींना 220, 230, 310 यातलं काहीतरी बसतं, पण नंबर वाचून ऑनलाइन मागवू नकोस, पहिल्यांदा तरी दुकानात जा. मनगटावर लावून बघायचं नाही, मनगटाचा आणि चेहऱ्याचा रंग एक नसतो, जबड्याच्या कडेला लाव आणि दुकानाच्या बाहेर येऊन उजेडात बघ, तुळशीबागेतल्या बोळात तर ट्यूबलाइटखाली सगळंच छान दिसतं. आणि लगेच पैसे देऊ नकोस, मंडईपर्यंत चक्कर मारून ये, बरीच फाउंडेशनं थोड्या वेळाने गडद होतात, मग आरसा बघ आणि ठरव.

हां, आणि हे बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणून इथेच लिहिते. केमिस्टकडे 'डाग जातील, उजळ व्हाल' म्हणून ज्या ट्यूब चिठ्ठीशिवाय मिळतात त्यातल्या कितीतरींमध्ये स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा मस्त दिसतो, बंद केलं की लाल होतो, आग होते, पिंपल्स येतात, कातडी पातळ होते, लव वाढते. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल असलं काही वाचलंस तर स्किनच्या डॉक्टरने स्वतः दिल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही, मैत्रिणीला कितीही फरक पडलेला असू दे.

आता तुझा पहिला प्रश्न. पुण्यात रोजच्या मेकअपची खरी परीक्षा स्कार्फ घेतो. बाकी शहरांतले व्हिडिओ बघून आपण लावतो, मग वरून स्कार्फ गुंडाळतो, त्यावर हेल्मेट, चांदणी चौकातली धूळ, आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये स्कार्फ सोडला की अर्धा चेहरा कापडावर. एकदा तुझा स्कार्फ उलटा करून बघ, नाकाच्या जागी बदामी डाग, हनुवटीच्या जागी तेलकट कडक झालेला पट्टा. तोच दुसऱ्या दिवशी परत तोंडाला बांधायचा म्हणजे जबड्यावर पिंपल्स आले नाहीत तरच नवल. मेकअपचं सामान घेण्याआधी तीन-चार सुती स्कार्फ घे, रोज धुतलेला वापर, सिंथेटिक नको, ते घाम शोषत नाही आणि नुसतं घासतं. पोरी हजाराचं सीरम घेतात आणि स्कार्फ आठवडा आठवडा धूत नाहीत, हे मला कधी कळलेलं नाही.

मी रोज लावते ते सांगते. टिंटेड म्हणजे हलका रंग मिसळलेली सनस्क्रीन, एसपीएफ 50, हाच माझा बेस, फाउंडेशन रोजचं बंद करून खूप वर्षं झाली. टिंटेडच का, तर मला बाळंतपणानंतर गालांवर वांग आला, आणि वांगाला नुसते यूव्ही किरण नाही तर साधा दिसणारा उजेडही त्रास देतो. टिंटमध्ये जे आयर्न ऑक्साइड असतं ते हा उजेड बऱ्यापैकी अडवतं, साध्या पांढऱ्या सनस्क्रीनला ते तितकं जमत नाही. शिवाय झिंक ऑक्साइडवाली बिनरंगाची क्रीम आपल्या कातडीवर लावली की पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं दिसतं, टिंटमुळे तेही होत नाही. एसपीएफ 30 आणि 50 मध्ये कागदावर फार फरक नाही, 30 वाली यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारे किरण, साधारण 97 टक्के अडवते आणि 50 वाली 98, पण आपण सगळ्याच कंजुषी करतो, वाटाण्याएवढी लावतो, म्हणून मी 50 घेते. तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन पूर्ण रेघा, एवढी चेहरा आणि मानेला लागतेच. आणि लावल्या लावल्या स्कार्फ बांधायचा नाही. आधी सनस्क्रीन, मग डबा भरायचा, चहा प्यायचा, मग स्कार्फ. एवढ्या वेळात ती बसते. स्कार्फ आहे म्हणजे सनस्क्रीन नको असं समजू नकोस, पातळ सुती कापडातून ऊन बऱ्यापैकी आत येतं.

त्यावर कॉम्पॅक्ट, पण फक्त नाकावर, कपाळाच्या मधे आणि डोळ्यांखाली, आणि पफने दाबायचा, फिरवायचा नाही, फिरवला की खालची सनस्क्रीन निघते. उन्हाळ्यात हे सगळं ऑफिसला पोचल्यावर कर, घरून निघताना नको, घामाने चिखल होतो. डिसेंबर-जानेवारीत मी कॉम्पॅक्टला हातच लावत नाही, पुण्याची कोरडी थंडी आणि माझं वय, गालावर भेगा पडल्यासारखं दिसतं.

काजळ. माझी आजी घरी काजळ धरायची, एरंडेलाचा दिवा आणि वर तांब्याची वाटी, त्यामुळे आमच्याकडे विकतचं काजळ म्हणजे चैन होती. (सुरम्याच्या बाबतीत मात्र सांभाळून, पारंपरिक सुरम्यात शिसं असू शकतं, कुठूनतरी आणलेली बिनालेबलची डबी डोळ्यात घालायची नाही.) आता मी लॅक्मेचं आयकॉनिक वापरते, संपलं आणि दुकानात नसलं तर मेबेलिनचं कोलोसल, दोन्ही फिरवून वर येणारी आहेत, टोक करायची कटकट नाही. पसरतं अशी तुझी तक्रार आहे, तर ते काजळापेक्षा डोळ्याखालच्या तेलकटपणामुळे पसरतं. आधी तिथे कॉम्पॅक्ट दाब, मग काजळ लाव, मग छोट्या ब्रशने त्याच रेघेवर चॉकलेटी आयशॅडो थापट. एवढं केलं की संध्याकाळच्या मीटिंगपर्यंत राहतं. लेन्स वापरत असशील तर आतल्या कडेला लावूच नकोस, बाहेरून पापण्यांच्या मुळाशी लाव. माझ्यापुढे आता वेगळाच प्रश्न आहे, चाळिशीचा चष्मा लावला तर लायनर लावता येत नाही आणि काढला तर पापणी दिसत नाही. नातेवाइकांनी रंगावरून ऐकवलेलं बाजूला ठेवलं तर मेकअपच्या बाबतीत माझा एवढा अपमान कोणी केलेला नाही. मोठं करून दाखवणारा आरसा आणला, त्यात पापणी दिसते आणि हनुवटीवरचे केसपण दिसतात. लायनर सोडलं मी शेवटी, भुवयांत मात्र पेन्सिलने हलके हलके केस भरते, दोन मिनिटांत चेहरा जागा वाटतो.

लिपस्टिकवर मी कितीही बोलू शकते. लॅक्मे टाटांनी 1952 मध्ये काढली, नाव एका फ्रेंच ऑपेरावरून, आणि ते नावही मुळात लक्ष्मीचंच फ्रेंच रूप. आईकडे तिची एकच लिपस्टिक होती, मरून, ती लग्नकार्यालाच बाहेर यायची आणि काडीने खरवडून खरवडून तळापर्यंत वापरली जायची. माझ्याकडे आता किती आहेत ते मी मोजत नाही आणि नवऱ्यालाही मोजू देत नाही. रोजची मात्र विटकरी नाहीतर डाळिंबी, आपल्या पिवळसर गव्हाळ-सावळ्या रंगावर हे दोन कधी दगा देत नाहीत, ते फिकट न्यूड गुलाबी मात्र आजारी दाखवतं. स्कार्फला न लागणारी हवी असेल तर लिक्विड मॅट घे, मेबेलिनची सुपरस्टे मॅट इंक खरंच हलत नाही. त्यातला पातळ द्रव उडून जातो आणि ओठावर एक चिवट थर राहतो, म्हणून ती पूर्ण वाळेपर्यंत ओठ मिटायचे नाहीत. पण ती तेलाला घाबरते. नाश्त्याला मिसळ असली तर तर्रीपुढे कुठलीच लिपस्टिक टिकत नाही, ओठांच्या मधली जाते आणि कडेची राहते, फार वाईट दिसतं. अशा दिवशी मी शुगर कंपनीचा क्रेयॉन, म्हणजे जाड पेन्सिलीसारखी लिपस्टिक, नेते, खाऊन झाल्यावर परत फिरवायचा. तोच गालांवर दोन ठिपके देऊन बोटाने पसरवते, वेगळं ब्लश मी घेत नाही.

टिकलीला कोणी मेकअप म्हणत नाही पण माझ्या मते रोजचा नट्टापट्टा तिथूनच सुरू होतो. जीन्सवर लावते, कुर्त्यावर लावते, काही दिवस लावतच नाही आणि सासूबाई आता विचारायच्या थांबल्यात. पण रात्री काढून ठेव. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं, त्याने कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा डाग पडू शकतो. खाज आली किंवा जागा फिकट दिसली की ती टिकली बंद, थेट डॉक्टर. मला खाज यायला लागली तेव्हापासून मी बऱ्याचदा ओलं गंध लावते, आणि खरं सांगू, ते जास्त छान दिसतं.

रात्री घरी आल्यावर कितीही कंटाळा आला तरी काढायचं. नुसत्या फेसवॉशने लिक्विड मॅट निघत नाही, त्याला तेलच लागतं. ओठांना आणि डोळ्यांना थोडं खोबरेल चोळून ओल्या कापसाने पुसायचं, मग फेसवॉश. पूर्ण चेहऱ्याला खोबरेल नको, तुला पिंपल्स येतात म्हणालीस, त्याने छिद्रं बुजतात, बाकी चेहऱ्याला मायसेलर वॉटर, म्हणजे मेकअप पुसायचं पाणी, घे.

आणि कॉलेजमधलं जे सामान पडून आहे ते आधी बाहेर काढ. बऱ्याच वस्तूंवर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात 6 एम, 12 एम असं लिहिलेलं, म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने. मस्कारा तीन ते सहा महिन्यांत टाकायचाच, डोळ्याची गोष्ट आहे. पावडरच्या वस्तू जास्त टिकतात. लिपस्टिकला खवट तेलाचा वास आला की गेली. एवढं काढून झाल्यावर काय उरतंय ते बघ, मग खरेदीला जा. रविवारी संध्याकाळी तुळशीबागेत पाय ठेवायला जागा नसते, मधल्या वारी दुपारी जा, आणि जाताना तोंडाला काहीही लावून जाऊ नकोस, नाहीतर शेड कळणार नाही.