आधी लेन्स पुसा

प्रश्न : मुलगी ढोल-ताशा पथकात आहे. नदीपात्रात संध्याकाळी सराव चालतो. तिथे मी काढलेला तिचा एकही फोटो धड येत नाही, सगळे हललेले. मुलगा म्हणतो, कॅमेरा दहा वर्षांचा झाला, आता ऐंशी हजारांचा नवा घे. चार फोटो सोबत पाठवते आहे. खरंच घ्यावा का? (एक आई, कोथरूड)

उत्तर : ताई, पैसे तूर्त बँकेतच राहू द्या. तुमचे फोटो बघण्याआधी मी त्यांच्या पोटातले आकडे वाचले. डिजिटल फोटो काढताना कॅमेरा शटर (प्रकाश किती वेळ आत घेतला), अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडलं), आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवला), तारीख-वेळ अशी सगळी नोंद फाइलमध्ये लिहून ठेवतो. तिला एक्झिफ म्हणतात. कॉम्प्युटरवर फाइलची माहिती उघडली की दिसते. तुमच्या चारही फोटोंत शटर १/३० आणि आयएसओ ४००. मागचा दिव्याचा खांब आणि उभी केलेली स्कूटर स्वच्छ आलीय, नंबरप्लेटसुद्धा वाचता येते. हललंय ते फक्त वादकांचं अंग आणि टिपरू. म्हणजे तुमचा हात स्थिर आहे आणि कॅमेराही ठणठणीत आहे. शटर तेवढं संथ आहे. एक तीसांश सेकंदात टिपरू जवळजवळ वीतभर सरकतं, मग ते पुसट येणारच.

शटर १/२५० वर न्या. प्रकाश आठवा हिस्साच मिळेल, म्हणून आयएसओ आठपट करा, ४०० चा ३२००. फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसतील. दिसू देत. दाणे पुढे डार्कटेबल नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही बरेच कमी करता येतात, हललेला चेहरा मात्र कशानेच सरळ होत नाही.

हे शहाणपण माझ्याकडेही उशिराच आलं. फ्लिकर या फोटोंच्या वेबसाइटवर लोकांचे फोटो बघायचो तेव्हा वाटायचं, यांच्याकडे लाखाच्या लेन्स असणार. एकदा फोटोखालच्या ओळीकडे लक्ष गेलं, तर कॅमेऱ्याचं मॉडेल आणि सगळे आकडे तिथेच छापलेले. पावसातल्या रिक्षाचा एक फोटो मला फार आवडला होता, तो माझ्याचसारख्या, कॅमेऱ्याबरोबर खोक्यात येणाऱ्या लेन्सने काढलेला निघाला! पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं ड्रॉइंगच्या टेबलावर काढलेला माणूस मी, आकडे वहीत उतरवायची खोड जात नाही. आवडलेल्या शंभरेक फोटोंचे आकडे उतरवले. मग स्वतःचं लक्ष्मी रोडवरच्या विसर्जन मिरवणुकीचं फोल्डर उघडलं आणि त्यातले फसलेले फोटो त्याच वहीत मांडले. बहुतेक सगळ्यांचं शटर १/६० पेक्षा संथ. त्या आठवड्यात मी नव्या लेन्ससाठी दुकानदाराशी घासाघीस करत होतो, ती तिथेच थांबवली.

आणखी एक, हे मला कुठल्या व्हिडिओत सापडलं नाही. टिपरू वर गेल्यावर परत फिरण्याआधी क्षणभर थांबतं. झोपाळा टोकाला थांबतो तसं. ताल कानात बसू द्या आणि हात वर असताना बटण दाबा. मग १/१२५ वरही निभावतं. मुलीची आई आहात, ताल तुम्हाला आमच्यापेक्षा आधी कळेल.

प्रश्न : काका, मी बीएस्सीला आहे. 'दहा टिप्स'चे शेकडो व्हिडिओ पाहिले, तरी माझे फोटो तसेच येतात. शिकायचं कुणाकडून? (एक विद्यार्थी, नऱ्हे)

उत्तर : अरे, टिप्स थोडे दिवस बंद कर. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात डोरोथिया लँग या फोटोग्राफरबाईंचा 'मायग्रंट मदर' हा फोटो शोध. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे मटार तोडणाऱ्या मजुरांचा तळ, आणि गालाला हात लावून बसलेली ती आई. हा फोटो तू पाहिला असशील. बाईंनी तिथे काढलेल्या इतर फ्रेम्स पाहिल्या नसशील, त्या मोठ्या आकारात फुकट उतरवता येतात. एकीत जवळपास अख्खा तंबू आहे, आजूबाजूचा पसाराही. मग बाई जवळ सरकतात. प्रसिद्ध फ्रेममध्ये मुलांनी तोंडं फिरवलेली आहेत, त्यामुळे नजर जायला आईचा चेहराच उरतो. खालच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा मधे येत होता, तो त्यांनी पुढे निगेटिव्हवरून रिटच करून घालवला. तेव्हा 'एडिटिंग म्हणजे फसवणूक' म्हणणाऱ्या मित्राला हा अंगठा दाखव (मला स्वतःला तो राहिला असता तरी चाललं असतं).

त्या फ्रेम्स शेजारी शेजारी लाव आणि दोन फ्रेम्समध्ये काय गाळलं ते लिहून काढ. मग मंडईत जा. लिंबं विकणाऱ्या एका मावशींना आधी विचार, पावशेर लिंबं घे, आणि सहा फोटो काढ. प्रत्येक वेळी एक पाऊल पुढे. सहाच. झूमला हात लावायचा नाही.

प्रश्न : फोटो दुपारी काढले की चेहरे काळे आणि डोळ्यांखाली खड्डे. सुट्टी रविवारचीच, तीही दुपारी मिळते. काय करावं? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : पुण्यात मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैअखेर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस म्हणतात तो. जुलैत ढग वाचवतात. मेमध्ये मात्र दुपारी माणसाला उघड्यावर उभं करणं म्हणजे त्याच्या चेहऱ्याशी वैर. छपराच्या कडेला या. मंडईची १८८६ची दगडी इमारत यासाठी फार सोयीची, बाहेरच्या फरशीवर आपटलेलं ऊन आत मऊ होऊन येतं. माणसाचं तोंड उजेडाकडे करा, म्हणजे झालं.

आणि सूर्य कुठे असेल हे आधी बघून निघा. सनकॅल्क नावाची फुकट सोय आहे. नकाशावर जागा आणि तारीख टाकली की उगवती-मावळतीच्या रेघा दिसतात. पुण्यात सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारास. जूनमध्ये तो जवळजवळ २५ अंश उत्तरेला सरकतो, डिसेंबरात तितकाच दक्षिणेला. आमच्या गॅलरीतून जूनमध्ये तो शेजारच्या सोसायटीच्या टाकीमागून येतो आणि डिसेंबरात गुलमोहरातून. टाकीचे फोटो माझ्याकडे पुष्कळ आहेत.

प्रश्न : कवडीपाटला मोबाइलवर पक्ष्यांचे फोटो येतील का? (एक वाचक, मगरपट्टा)

उत्तर : नाही. बोटांनी चित्र मोठं करत गेलात की ठरावीक मर्यादेपलीकडे मोबाइल नुसता तुकडा कापून ताणतो, चक्रवाकाचा नारिंगी ठिपका होतो. हिवाळ्यात दुर्बीण घेऊन जा आणि मोबाइलने नदीवरचं धुकं काढा.

प्रश्न : नवा मोबाइल आहे, तरी रात्री दिव्यांभोवती धूसर वलयं आणि लांब रेघा येतात. कंपनीकडे तक्रार करू का? (एक आजोबा, सदाशिव पेठ)

उत्तर : आजोबा, मोबाइल धरताना तुमची तर्जनी कुठे टेकते ते पाहा. बरोबर लेन्सवर. बोटाचं तेल काचेवर बसलंय. चष्म्याच्या कापडाने अलगद पुसा, धोतराच्या सोग्याने नको. आणि तक्रारीचा कागद लिहून तयार असेल, तर पुसून काढलेला एक फोटो बघेपर्यंत तो टपालात टाकू नका.