गोठ्यातले प्रश्न : पहिलारू शेळी लाथ मारते, पाय बांधू का?

प्रश्न : घरच्या दुधासाठी दोन शेळ्या घेतल्यात. एक तिसऱ्या वेताची, दुसरी पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यायलेली. मी याआधी कधी धार काढलेली नाही. मोठी कशीबशी उभी राहते, पण पहिलारू कासेला हात लागला की लाथ मारते नाहीतर सरळ खाली बसते, भांड्यात पाय घालते तो वेगळाच. घरचे म्हणतात पाय बांध. बांधू का?

उत्तर : ताई, दोरी सध्या राहू द्या. आधी तिची कास बघा. दोन्ही बाजू सारख्याच मऊ आहेत का, एखादी बाजू गरम किंवा कडक लागते का, सडावर चीर, फोड, गोचीड काही आहे का. पहिल्या दोन-तीन धारा भांड्यात घेऊच नका, काळ्या फडक्यावर काढा. गाठी, पाणी किंवा रक्त दिसलं तर दगडी (कास सुजण्याचा आजार) समजा आणि डॉक्टरांना बोलवा, कारण दुखत असेल तर ती लाथ मारणारच, तिथे कुठलीच ट्रिक चालत नाही. नुकती व्यायली असेल तर कास ताठ होऊन नुसत्या स्पर्शानेही दुखते, ते काही दिवसांत उतरतं. तुमची नखं पण कापा, हे कोणी सांगत नाही.

कास चांगली आहे? मग उरली भीती आणि सवय. पान्हा शरीरातल्या ऑक्सिटोसिन या हार्मोनमुळे सुटतो आणि जनावर घाबरलं की अ‍ॅड्रेनलिन हे दुसरं हार्मोन तो अडवतं, म्हणून शिंगं धरून फरफटत आणलेली शेळी दूध देत नाही, मग आपण सड अजून जोरात ओढतो, तिला दुखतं, ती लाथ मारते आणि नाव मात्र तिचं खराब होतं. गळपट्टा धरून शांतपणे आणा, रोज तीच वेळ, तीच जागा, शक्यतो तोच माणूस. कोमट पाण्याच्या फडक्याने कास पुसा, कोरडी करा, अर्धा-एक मिनिट चोळा. पान्हा फार तर पाच-सात मिनिटं टिकतो, त्यामुळे भांडं, फडकं, खुराक सगळं आधीच हाताशी हवं.

आता हात. नवीन माणूस हमखास सड खाली ओढतो, तसं करायचंच नाही. सड कासेला जिथे मिळतो तिथे अंगठा आणि पहिल्या बोटाने कडं करून बंद करा म्हणजे सडातलं दूध परत वर जात नाही, मग मधलं बोट, त्याच्याखालचं, मग करंगळी अशी एकेक मिटत आणा, धार सुटते. मूठ सैल सोडा, सड भरू द्या, परत. कडं फार वर, कासेच्या मांसात घेतलंत तर तिला जोरात चिमटा बसतो आणि लाथ येते ती तिथूनच. पहिलारूचे सड आखूड असतात, दोनच बोटं मावतील, चालतं.

आणि माझं स्पष्ट मत, हात मोठीवर बसवा. शिकाऊ माणूस आणि शिकाऊ शेळी दोघांनी एकमेकांवर शिकायचं म्हणजे दोघंही वैतागतात. सुरुवातीला पहिलारूची धार कोणी जाणता काढून देत असेल तर बघा, तुम्ही नुसतं तिला खुराक द्या, पाठ, मांड्या, कास यांवरून हात फिरवा. कोणीच नसेल तर तुम्हालाच काढावी लागेल, कास तुंबवून ठेवू नका.

लाथ अचानक येत नाही हो, आधी ती वजन दुसऱ्या पायावर टाकते, मागचा पाय सैल पडतो. तेवढ्यात एका हाताने भांडं उचला, पण दुसरा हात कासेवरच राहू द्या, पायाबरोबर हलला तरी चालेल. लाथ मारली की हात निघतो हे एकदा तिला कळलं की संपलं, ती रोज तेच करणार. ती क्षणभर उभी राहिली की मग तुम्ही स्वतःहून हात काढा. सध्या एका हाताने लहान भांड्यात काढा आणि ते लांब ठेवलेल्या मोठ्या भांड्यात ओतत राहा, पाय पडलाच तर सगळं दूध वाया जात नाही.

खाली बसते त्याला गुडघाभर उंच ओटा आणि मान अडकवायची चौकट हा चांगला उपाय. बसायला लागली की कासेच्या पुढे पोटाखाली हात घालून उभी करा. खुराक संपला की तिचा पेशन्सही संपतो, त्यात तुमचा हात अजून स्लो, म्हणून खुराकाच्या घमेल्यात मोठे गुळगुळीत दगड टाका, बाजूने वेचून खाताना वेळ लागतो. पण तिला गुंतवायला धान्य वाढवत जाऊ नका, पोटात आम्लता होऊन शेळी दगावूही शकते.

एवढं करूनही नाहीच जमलं तर रुंद मऊ पट्ट्याने मागचा एक पाय ओट्याच्या खांबाला, तोही थोडे दिवस. बारीक दोरी नको, मार तर अजिबात नको.

प्रश्न : पूर्ण दूध निघालं हे कसं ओळखायचं?

उत्तर : कास सैल पडते, सुरकुतते. करडू पिताना ढुशा देतं ना, तशी मुठीने कासेला खालून हलकी ढुशी द्या, अजून थोडं उतरतं. शेवटच्या थेंबासाठी सड पिळत बसू नका.

प्रश्न : धार झाली की आमची शेळी लगेच बसते. चालतं का?

उत्तर : नाही, अर्धा तास तरी उभी ठेवा. धारेनंतर सडाचं तोंड लगेच मिटत नाही, शेणामातीतले जंतू त्यातूनच आत जातात. सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि पुढ्यात चारा टाका, खाताना बसत नाही. दूध लगेच गाळून थंड करा, प्यायच्या आधी उकळा. अँटिबायोटिक चालू असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस धार काढायची, पण ते दूध घरात वापरायचं नाही.